माळ्यावरची तसबीर भंगारात देण्यापूर्वी...

जालना रस्त्यालगतच्या मुकुंदवाडीत जुने घर पाडून नवे मजले चढवायचे ठरले, की माळ्यावरच्या सामानातून एखादी काळवंडलेली तसबीर निघण्याचा संभव असतो. कमळावरची लक्ष्मी, वीणाधारी सरस्वती किंवा रामपंचायतन. चौकट आणि काच ठेवून घेतली जाते, कागद भंगारात जातो. वास्तविक मोल असलेच, तर ते कागदाला.

कारण तो शिळाछापाचा असू शकतो. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओला भाग शाई झिडकारतो, तेलकट रेषा ती धरून ठेवते. जर्मनीत आलोइस झेनेफेल्डर याने १७९६च्या सुमारास शोधलेली ही पद्धत जगभर पसरली. न्यूयॉर्कच्या 'करिअर अँड आइव्ह्ज'ने तिच्या बळावर शिडाची जहाजे अमेरिकेच्या दिवाणखान्यांत पोहोचवली. त्यातील बहुतेक चित्रे काळ्या शाईत छापून हाताने रंगवलेली. ही कंपनी १९०७ मध्ये बंद झाली. तिच्या जहाजांचे संग्राहक मात्र आजही आहेत.

आपल्याकडे जहाजांची जागा देवदेवतांनी घेतली. पुण्याची चित्रशाळा १८७८ची. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तेथे प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड वापरला जाई. १९७२च्या आगीत या छापखान्याची मोठी हानी झाली. त्यामुळे घरोघरी उरलेल्या प्रतींना वेगळेच महत्त्व आले.

अडचण नकलांची आहे. याच चित्रांच्या ऑफसेट प्रती जुनाट चौकटीत बसवून सहज खपवता येतात. कागदाचा पिवळेपणा किंवा चौकटीचे वय हा पुरावा नव्हे. साधे भिंग पुरते. ऑफसेट छपाईत ठिपके कवायतीसारखे रांगेत दिसतात. शिळाछापात ते कारागिराच्या हातचे, लहानमोठे, विस्कळीत असतात. जहाज असो वा लक्ष्मी, कसोटी तीच. तळाच्या समासात छापखान्याचे नाव सापडले तर उत्तमच. पण नावही नकलेत छापता येते, म्हणून भिंग आधी.

हाच समास फ्रेमवाले मापात बसवण्यासाठी बिनदिक्कत कापतात आणि चित्राची ओळख तिथेच संपते. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते पुन्हा निघत नाही. तसबीर उन्हाच्या आणि ओलीच्या भिंतीपासून दूर टांगावी. काच पुसताना पाणी काचेवर नव्हे, फडक्यावर घ्यावे.