ठिपक्यांनी उभं राहणारं फूल

वनस्पतीची नवी जात सापडल्याचं संशोधक जाहीर करतो, तेव्हा त्याच्या निबंधात लॅटिन नाव असतं, वर्णन असतं, नमुना कुठल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवलाय त्याची नोंद असते आणि बहुतेक वेळा काळ्या शाईतल्या चित्रांचं एक पान असतं. ते पान काढणं हे माझं काम. लोक विचारतात, आता मोबाइलनेसुद्धा इतके सुंदर फोटो येतात, मग हाताने कशाला काढायचं? त्याचं उत्तर एका फुलावरून देते.

सह्याद्रीत पावसाळ्यात खरपुडी फुलते. तिला कंदीलपुष्पही म्हणतात. तिच्या अनेक जाती फक्त आपल्या डोंगरांत आहेत, काही तर एखाद्या गडाच्या आसपासच. कंद गोडसर, त्यामुळे गुराखी आणि रानडुकरं दोघंही उकरून खातात. अशा दुर्मीळ झाडाचं फूल टेबलावर येतं ते अल्कोहोलच्या लहानशा बाटलीतून, आणि सोबत दाबून वाळवलेल्या फांदीची शीट. दोन्ही लागतात. शीटवर पानांची मांडणी, देठाची लांबी, खोडावरची लव नीट कळते, पण फूल चपटं होऊन गेलेलं असतं. बाटलीतल्या फुलाचा आकार शाबूत, मात्र रंग उडालेला. रंग आणि ठेवण यांसाठी संशोधकाने डोंगरावर काढलेले फोटो आणि त्याची वही पाहायची.

मग फूल डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली घ्यायचं. बाहेरून पाहिलं तर खाली फुगीर कोठी, तिच्यावर अरुंद नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकाशी एकमेकींना जुळून पिंजरा झालेला. ब्लेडने नळी उभी चिरली की खरी गंमत दिसते. आतल्या बाजूला केस आहेत आणि सगळे खाली तोंड करून. वासाने ओढलेली बारीक माशी आत उतरते, पण केस तिला वर येऊ देत नाहीत. ते मलूल पडले की तिची सुटका होते, आणि जाताना ती पराग घेऊन जाते. कोठीच्या तळाशी कोरोना असतो. पाकळ्यांसारख्या अवयवांची दोन वर्तुळं: बाहेरचे अवयव बुटके, बऱ्याचदा टोकाशी दुभंगलेले, आतले पट्टीसारखे ताठ. जात ओळखायची ती इथे. बाहेरून दोन फुलं सारखी दिसतात, कोरोना उघडला की वेगळी निघतात. त्याच्याही आत परागपुंजांच्या जोड्या, मधल्या तपकिरी गाठीला जोडलेल्या. त्यांची मापं मिलिमीटरच्या अंशात घ्यावी लागतात.

हे सगळं एका फोटोत येत नाही. एक भाग स्पष्ट आला की दुसरा धूसर होतो. आता अनेक फोटो जोडून सगळं स्पष्ट करता येतं हे खरं, पण फोटो त्या एका फुलाचाच राहतो, त्याच्या मोडलेल्या टोकासकट. चित्रात मी चार फुलं पाहून त्या जातीचं फूल काढते. किड्याने खाल्लेलं पान पूर्ण काढायचं असेल, तर त्याच झाडाचं धड पान आधी पाहिलेलं हवं. जे पाहिलं नाही ते काढायचं नाही. फळ मिळालंच नसेल तर चित्रात फळ नाही. या कामातली सगळी नीतिमत्ता माझ्या मते एवढ्यात आली.

पेन्सिलचा आराखडा डिव्हायडरने माप घेत तयार होतो. तो संशोधकाकडे जातो आणि शेरे घेऊन परत येतो. केस नळीच्या निम्म्यापर्यंतच आहेत की पार खालपर्यंत, यावर एकदा आमचा बराच वेळ वाद झाला, आणि शेवटी दुसरं फूल चिरून पाहावं लागलं. चित्रकार आणि शास्त्रज्ञ असे भांडले पाहिजेत. चित्र काढताना जितकं निरखून पाहावं लागतं, तितकं वर्णन लिहिताना लागेलच असं नाही.

शाई सर्वांत शेवटी. प्रकाश डावीकडून वरून येतो असं धरायचं, ही जुनी रीत आहे. ती पाळली की पानावरच्या सगळ्या आकृत्या एकाच पद्धतीने वाचता येतात. गोलाई ठिपक्यांनी दाखवायची. ठिपका एकाच आकाराचा, सावलीकडे दाट, उजेडाकडे विरळ. ठिपके रांगेत गेले की पाहणाऱ्याला तिथे शीर असल्याचा भास होतो, म्हणून हात मोकळा ठेवावा लागतो. चित्र छापायचं त्याहून मोठं काढतात, मात्र रेघा फार बारीक ठेवत नाहीत, कारण लहान होताना त्या तुटतात. आणि ‘दहापट मोठं’ असं न लिहिता शेजारी मोजपट्टी काढतात. छापताना पान लहान झालं तर दहापट खोटं ठरतं, पट्टी मात्र चित्राबरोबरच लहान होते.

या रेषा किती टिकतात ते पाहा. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला ‘हॉर्टस मलबारिकस’चे बारा खंड निघाले. केरळच्या वनस्पतींच्या त्या चित्रांवर नागरी लिपीतही नावं आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट या कोकणी वैद्यांनी त्या कामाला हातभार लावला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस भारतात कधी आला नाही, पण त्याने आपल्याकडच्या कित्येक वनस्पतींना नावं दिली ती या चित्रांच्या आधारे. मूळ नमुना नसल्यामुळे काही नावांसाठी आज ते चित्रच प्रमाण मानतात.

आणि पुण्याजवळचं दापोडी. तिथल्या सरकारी बागेत तिचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने 1847 ते 1850 च्या सुमारास झाडांची रंगीत चित्रं करवून घेतली. ती आज एडिंबरोच्या बागेत जपलेली आहेत. काढणारा पोर्तुगीज-भारतीय चित्रकार होता, एवढंच माहीत आहे. गिब्सनचं नाव राहिलं, त्याचं राहिलं नाही.

अमेरिकेत अशी शास्त्रीय चित्रं काढणाऱ्यांनी 1968 मध्ये वॉशिंग्टनला स्वतःची संघटना उभी केली. एकमेकांना तंत्र शिकवणं आणि हक्कांसाठी बोलणं त्यामुळे सोपं झालं. आपल्याकडे अजून बहुतेक जण आपापल्या टेबलावर एकटेच आहेत. निबंधाच्या शेवटी आभारात एक ओळ मिळते, कधी तीही नाही.

संशोधक मित्रांना विनंती आहे: चित्राखाली चित्रकाराचं नाव छापा. आणि मूळ कागद त्याच्याकडे किंवा हर्बेरियममध्ये, नमुन्याच्या शेजारी, नोंद करून ठेवा.