ओला रस्ता आणि टायरची पकड

पावसाळ्यातील अपघाताचे वर्णन करताना ‘गाडी घसरली’ एवढे सांगून लोक थांबतात. परंतु या एका क्रियापदाखाली निदान दोन भिन्न भौतिक घटना झाकल्या जातात; आणि एकीवरचा उपाय दुसरीस लागू पडतोच असे नाही.

पहिली घटना मृगाच्या आरंभीच्या सरींत अनुभवास येते. उन्हाळाभर डांबरी पृष्ठावर साचलेले तेल, रबराची भुकटी व धूळ थोड्या पाण्यात कालवली जाऊन त्यांचा अत्यंत पातळ पापुद्रा बनतो. तो श्यानतेमुळे चाकाखालून चटकन निसटत नाही. त्यामुळे वेग बेताचा असतानाही घर्षण पुष्कळ घटते. खडीच्या कणांची सूक्ष्म अणकुचीदार टोकेच हा पापुद्रा फोडू शकतात. वाहतुकीने ती झिजून गुळगुळीत झाली असल्यास उत्तम टायरही फारसा उपयोगी पडत नाही. संततधार लागून रस्ता धुऊन निघाला की हा धोका बराच ओसरतो.

दुसरी घटना मात्र जडत्वाची आहे. साचलेल्या पाण्यातून चाक वेगाने जाताना समोरचे पाणी बाजूस सरण्यास वेळ पुरत नाही व त्याची पाचर टायरखाली शिरते. तिचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो टायरमधील हवेच्या दाबाशी बरोबरी करू लागला, की चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगते. हीच ‘हायड्रोप्लेनिंग’ची अवस्था. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेतील हॉर्न व ड्रेहर यांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरसंबंधी प्रसिद्ध केलेले सूत्र त्याच्या साधेपणामुळे लक्षणीय आहे: दर चौरस इंचास पौंडांत मोजलेल्या हवेच्या दाबाचे वर्गमूळ काढून त्यास ९ ने गुणावे, म्हणजे हा वेग नॉटमध्ये मिळतो. मोटारीत ३० पौंड हवा असल्यास तो ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो; २० पौंडांस केवळ ७५ च्या आसपास. हे सूत्र टायर गुळगुळीत असता, अथवा पाण्याची खोली खाचांहून अधिक असता लागू होते. खाचा शाबूत व पाणी उथळ असेल तर पाण्यास वाट मिळते.

सूत्रात वाहनाच्या वजनास स्थान नाही, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. वजन वाढले की टायरचा टेकलेला भागही वाढतो, म्हणून दाब जवळपास तोच राहतो. मात्र हा युक्तिवाद सरसकट ताणता येत नाही. १०० पौंड हवेच्या मालमोटारीस सूत्राप्रमाणे ताशी १६७ किलोमीटरपर्यंत भीती नसावी. प्रत्यक्षात रिकाम्या मालमोटारीच्या टायरचा टेकलेला भाग आखूड व रुंद होतो आणि महामार्गावरील नेहमीच्या वेगातही ती तरंगू शकते, असे १९८० नंतरच्या दशकातील अभ्यासांनी दाखविले. सूत्राची ही दुरुस्ती हॉर्न यांनीच पुढे आणली, हे विशेष.

तरंगत्या चाकाचा आणखी एक विशेष असा, की ब्रेक न लावताही त्याचे फिरणे मंदावते, क्वचित थांबतेही. कारण पाण्याच्या दाबाचा मध्य आसाच्या पुढे सरकून परिभ्रमणास विरोध करतो. अशा वेळी ब्रेक दाबणे व्यर्थच. चाक आडवे वळविणे त्याहून घातक, कारण पाणी संपताच वळविलेल्या चाकास एकाएकी पकड मिळून गाडी भलतीकडे फेकली जाते. सुकाणू हलके लागताच अॅक्सिलरेटरवरील पाय सावकाश उचलून चाके सरळ धरणे, एवढेच चालकाच्या हाती उरते.