धुक्यांतील विमान आणि जमिनीवरील शिस्त

पौष महिन्यांत वऱ्हाडांत पहांटे दाट धुकें पडलें कीं अंगणांतील तुळशीवृंदावनहि दिसेनासें होतें. अशा वेळीं ताशीं दोनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें खालीं येणारें विमान धावपट्टी कशी शोधतें? हा प्रश्न आतां आपल्या घरचाच झाला आहे. १६ एप्रिल २०२५ रोजीं अमरावतीजवळील बेलोऱ्यास मुंबईचें प्रवासी विमान प्रथम उतरलें. तेथील धावपट्टी १,८५० मीटर लांब; अकोल्याजवळील शिवणीची जुनी पट्टी सुमारें १,४०० मीटर. बेलोऱ्याचा आरंभींचा परवाना मात्र डोळ्यांना दिसेल तेव्हांच उतरण्यापुरता होता.

विमान रद्द झालें कीं, "एवढीं यंत्रें असून धुक्यापुढें हात टेकले!" असा उद्गार घरोघर निघतो. रोग्यास मुंबईस शस्त्रक्रियेसाठीं नेणाऱ्या आप्तांना तर राग येणारच. परंतु या नकारामागील शास्त्र समजून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

यंत्राच्या साह्यानें उतरतांना जमिनीवरून दोन रेडिओ-किरण सोडलेले असतात. एक धावपट्टीची मध्यरेषा दाखवितो, दुसरा सुमारें ३ अंशांचा उतार. पहिल्या प्रतीच्या व्यवस्थेंत २०० फुटांवर येईतों पट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहींत, तर पुनः वर जाणें हेंच वैमानिकाचें कर्तव्य होय. दिल्लीस तिसऱ्या प्रतीची व्यवस्था आहे. विमान त्या योग्यतेचें व वैमानिक तसा शिकलेला असल्यास तेथें अवघ्या ५० मीटर दृश्यतेंतहि उतरतां येतें. ही दृश्यता मोजणारें 'दृष्टि' नांवाचें यंत्र बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजनें आपल्याच देशांत तयार केलें, ही अभिमानाची गोष्ट आहे.

तथापि खरी कसोटी जमिनीवरच. किरणांच्या वाटेंत एखादें विमान किंवा मोटार उभी राहिली, तर किरण ढळतो आणि वर येणाऱ्यास खोटी वाट दिसते. म्हणून धुक्यांत उड्डाणासाठीं निघालेलें विमान नेहमींपेक्षां मागें थांबवितात. वाटेवर लाल दिव्यांची आडवी ओळ पेटलेली असते. ती विझून परवानगी मिळाल्यावांचून कोणींहि पुढें सरकावयाचें नाहीं. अनावश्यक गाड्या व माणसें पट्टीपासून दूर काढतात. हिरवे दिवे मार्ग दाखवितात. जरूर तेथें वाटाड्या गाडी विमानापुढें चालते. उतरणाऱ्या दोन विमानांतील अंतरहि वाढवितात. त्यामुळें तासाभरांत थोडींच विमानें उतरतात आणि खोळंबा होतो.

हे नियम म्हणजे कोरडें कर्मकांड नव्हे. ८ ऑक्टोबर २००१ रोजीं इटलींत मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यांत एक लहान विमान चुकीच्या वाटेनें धावपट्टीवर आलें. त्याच वेळीं उड्डाण करणारें मोठें विमान त्यावर आदळलें. ११८ माणसें प्राणांस मुकलीं. जमिनीवरील हालचाल दाखविणारें रडार त्या दिवशीं चालूं नव्हतें.

आपल्या रेल्वेनेंहि धुक्यांत रुळांवर फटाके लावून चालकास पुढील सिग्नलची सूचना देण्याची रीत याच बुद्धीनें घातली. यंत्र कितीहि सूक्ष्म असो, त्याच्या भोंवतीं माणसाचा संयम लागतोच.

म्हणून वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, हिंवाळ्यांत निकडीचें काम असल्यास एक दिवस हाताशीं राखून निघावें, अथवा रात्रीच्या रेल्वेगाडीची सोय पाहून ठेवावी. विमानतळावरील माणसांवर मात्र दडपण आणूं नये. वऱ्हाडानें उत्तम यंत्रें अवश्य मागावींत. पण तीं चालविणारीं शिस्तीचीं माणसेंहि त्याच अर्जांत मागावींत. विमान उशिरां आलें तर दिवस बुडतो. शिस्त बुडाली तर घरेंच्या घरें बुडतात.