गाव नसलेला नंबर

गेल्या वर्षीची, नवरात्राच्या आधीची गोष्ट. आमच्या आत्याबाई जुन्या पनवेलात एकट्या राहतात. वय ७६, प्रकृती ठणठणीत, आणि हिशेब असा चोख की भाजीवाल्याने चार आणे जास्त घेतले तर तो आकडा त्यांना पुढच्या संक्रांतीपर्यंत आठवतो. त्या दिवशी बाजारात त्यांचे पाकीट हरवले. पैसे फारसे नव्हते, पण बँकेचे कार्ड होते. घरी येऊन त्यांनी बँकेच्या पत्रकावर छापलेला नंबर लावला. १८६० ने सुरू होणारा. मग नेहमीची कथा : मराठीसाठी हे दाबा, कार्डासाठी ते दाबा, आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, आणि मधून मधून सतार. बावीस मिनिटांनी माणूस भेटला आणि कार्ड बंद झाले.

फोन ठेवताच संदेश आला, की मुख्य खात्यातून ३३ रुपये वजा झाले. आत्याबाईंनी तडक मला फोन केला. "अरे, माझं पॅक अमर्याद आहे म्हणून तूच सांगितलंस ना? मग हे तेहेतीस कसले? सतारीचे?"

मला उत्तर देता आले नाही. म्हणून थोडी चौकशी केली. ती वाचकांपुढे ठेवतो, कारण असे ३३ रुपये घरोघर जात असतील आणि पुष्कळांना त्याचा पत्ताही नसेल.

आमच्या पिढीला टेलिफोनचा नंबर म्हणजे पत्ता वाटे. आपल्याकडे लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान पहिला एसटीडी फोन लागला तो नोव्हेंबर १९६० मध्ये. तेव्हापासून हळूहळू गावोगावी कोड आले. पनवेलचा कोड होता ०२१४३. मुंबई हाकेच्या अंतरावर, तरी पनवेलहून तिकडे फोन करायचा तर तो एसटीडी. त्या पिवळ्या पाटीच्या काचेच्या खोलीत उभे राहायचे, समोरच्या यंत्रावर लाल आकडे पळताना बघायचे, आणि आकडे जसे पळतील तसे बोलणे आवरते घ्यायचे. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून जेवणे उरकून लोक रांगेत उभे राहत. पुढे पनवेल ०२२ मध्ये गेले तेव्हा आत्याबाईंनी मुंबईच्या नणंदेला निवांत अर्धा तास फोन केला होता. सांगायचा मुद्दा हा, की नंबरात गाव होते, गावात अंतर होते, आणि अंतरावरून दर कळत होता. महाग असेल, पण आंधळा व्यवहार नव्हता.

२००३ च्या राष्ट्रीय क्रमांक योजनेत गाव नसलेल्या नंबरांची नीट मांडणी झाली. १८०० ने सुरू होणारा नंबर म्हणजे फोन करणाऱ्याला फुकट, सगळा खर्च ज्याचा नंबर त्याचा. १८६० ची गोष्ट निराळी. तिथे फोन करणाऱ्याने स्थानिक कॉलचा दर द्यायचा आणि लांब पल्ल्याचा उरलेला खर्च नंबर घेणाऱ्याने सोसायचा. दिसायला दोन्ही नंबर भाऊभाऊ. आत्याबाईंसारख्या माणसाने शून्य आणि सहा यांच्यातला हा फरक कुठून जाणावा?

त्या वेळी हा सौदा रास्तच होता. नागपूरच्या माणसाने मुंबईच्या कचेरीला फोन केला, तरी त्याला स्थानिक दर पडे. पण आज अमर्याद पॅकात स्थानिक कॉलही फुकट आणि बाहेरगावचाही फुकट. मग 'स्थानिक दराचा' नंबर तेवढा पैसे का खातो? उत्तर बारीक अक्षरांत असते. अनेक पॅकांच्या अटींत 'विशेष क्रमांक वगळून' असे तीन शब्द असतात, आणि १८६० त्या वगळलेल्यांत बसतो. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे १९९७ साली स्थापन झालेले ट्राय, बहुतेक दर कंपन्यांवरच सोपवते. मात्र ते ग्राहकाला स्पष्ट कळले पाहिजेत, हा त्याचा आग्रह आहे. कॉल संपल्यावर किती पैसे कापले ते सांगणारा संदेश आला पाहिजे, हाही त्याचाच नियम. आत्याबाईंना तो संदेश आला. नियम पाळला गेला! पैसे गेल्यावर दर कळला, एवढेच.

ही ओढाताण जुनी आहे. पूर्वी १८०० चे नंबरही सगळ्या मोबाइलवरून लागत नसत. जाहिरातीच्या तळाशी दोन-दोन नंबर असत, एक सरकारी फोनवाल्यांसाठी फुकट आणि दुसरा इतरांसाठी पैशाचा. अखेर नोव्हेंबर २००६ मध्ये ट्रायला विनियम काढावे लागले, की एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचे असे नंबर लागलेच पाहिजेत. त्याआधी मे २००५ मध्ये निर्देश निघाला होता, की जादा दराच्या सेवेची जाहिरात कराल तिथे तिचा दरही छापा.

दर छापला तरी भांडण मिटते असे नाही. २००७ साली दूरदर्शनसंचापुढे बसून 'कौन बनेगा करोडपती' बघताना 'हर सीट हॉट सीट' म्हणून लाखो लोकांनी उत्तरे पाठवली, ती एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे मोजून. स्पर्धेत भाग घेणे फुकट असल्याचा भास होतो आणि बक्षीस लोकांच्याच पैशांतून निघते, अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे गेली. आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि फोन कंपनी यांना मिळून एक कोटी रुपयांचा दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो रद्द केला, कारण बक्षीस त्याच पैशांतून दिल्याचा पुरेसा पुरावा नव्हता. अकरा-बारा वर्षांनी निकाल लागला. तोवर तो खेळ कोणाच्या लक्षातही राहिला नव्हता.

आणि दिवाळीच्या अंकात 'ब्लॅकआउट' दिवसांची आठवण काढलीच पाहिजे. वर्षभर एसएमएस स्वस्त, आणि ऐन लक्ष्मीपूजनाला सवलत बंद! आपण सगळ्या नातेवाइकांना शुभेच्छा पाठवायच्या आणि दुसऱ्या दिवशी शिल्लक बघून कपाळाला हात लावायचा. ट्रायने बंधन घातले, की असे दिवस वर्षात पाचांहून अधिक नकोत आणि ते आधी जाहीर केलेले असावेत. अमर्याद पॅकांच्या काळात तो जाच मागे पडला.

विलायतेतही हाच तंटा होता. तिथल्या ऑफकॉमने १ जुलै २०१५ पासून दराचे दोन तुकडेच करायला लावले. फोन कंपनीचे किती आणि नंबरवाल्याचे किती, हे वेगवेगळे सांगायचे. आणि ०८०० चे नंबर मोबाइलवरूनही फुकट केले. पैसे कोणाच्या खिशात चालले ते तरी कळते.

आता दाद कुठे मागायची? ट्राय एकेका माणसाची तक्रार ऐकत नाही. २०१२ च्या विनियमांप्रमाणे आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जायचे. त्यासाठीचा १९८ हा नंबर फुकट आहे. (माहितीसाठीचा १२१ लावून प्रतिनिधीशी बोलले, तर अनेक कंपन्या तीन मिनिटांना ५० पैसे लावीत आल्या आहेत. इथेही तोच खेळ!) तक्रारीचा क्रमांक जरूर लिहून घ्यावा, उत्तर पटले नाही तर तीस दिवसांत अपील करता येते आणि त्याला फी नाही. ग्राहक आयोगाची वाटही मोकळी आहे. २००९ च्या एका निकालाने ती बंद झाल्यासारखी होती, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोनचा ग्राहक तिथे जाऊ शकतो असे स्पष्ट केले. पनवेलकरांचा जिल्हा आयोग अलिबागेला. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, हे खरे. पण ३३ रुपयांसाठी अलिबागची एसटी कोण धरणार?

आत्याबाईंनी १९८ ला फोन केला. उत्तर आले, की आकारणी अटींप्रमाणे आहे. प्रीपेड ग्राहकाला कॉलवार तपशील मागता येतो, पण त्याला ५० रुपयांपर्यंत आकार पडू शकतो. ते ऐकून आत्याबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते.

पुढच्या आठवड्यात नवे कार्ड आले. आत्याबाईंनी चष्मा लावून ते उलटसुलट केले. मागे अगदी बारीक अक्षरांत, परदेशातून फोन करणाऱ्यांसाठी म्हणून, एक साधा नंबर होता. अधिक ९१, मग २२. "हा तर मुंबईचा!" त्या म्हणाल्या, आणि शून्य लावून तोच फिरवला. तीच सतार, तेच व्यस्त प्रतिनिधी, पंधरा मिनिटे. संदेश आला तेव्हा त्यांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला. वजा रक्कम शून्य. त्यांनी तो नंबर स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहून ठेवला आहे, आणि पुढे कंसात 'मुंबई' असे लिहिले आहे.