रायफलीच्या बोल्टाची दांडी बदलतांना

रानडुकरांपासून पिकांची राखण करण्यासाठीं परवान्यानें रायफल बाळगणाऱ्या शेतकरी बंधूंपैकीं कांहींजणांकडे वाडवडिलांच्या वेळची बोल्टाची रायफल असते. तिच्यावर दुर्बीण बसविली, कीं बोल्टाची सरळ दांडी वर उचलतांना दुर्बिणीस अडते, व तेथें खालीं वळलेली दांडी बसवावी असें मनांत येतें. हा विचार गैर नाहीं. परंतु नवी दांडी नीट बसली नाहीं म्हणजे तडक कानस हातीं घ्यावयाची, हें मात्र आम्हांस सर्वस्वीं गैर वाटतें. दोष कोठें आहे हें कळण्यापूर्वीं लोखंडाचा एक कणही काढूं नये.

प्रथम आपली रायफल कोणत्या जातीची आहे तें पाहावें. १८९८ सालच्या जर्मन मौझर रायफलीची दांडी सरळ बाहेर आलेली होती. १९३५ सालच्या आंखूड मौझरची दांडी खालीं वळविलेली असून तिच्यासाठीं लांकडी दस्त्यांत खोबण ठेविलेली होती. दोहोंतही दांडी व बोल्ट एकजीव. ईशापूर येथील कारखान्याची .३१५ बोअरची रायफल ली-एन्फील्डच्या धर्तीची आहे. तिची दांडीही एकजीव, परंतु मूळचीच खालीं वळलेली असते. फिनलंडच्या टिक्का टी-३ या अलीकडच्या रायफलींत मात्र दांडी निराळी असून ती बोल्टाच्या खांचेंत सरकवून बसवितात. एकजीव दांडी बदलणें म्हणजे ती कापून दुसरी जोडणें, किंवा अख्खा बोल्टच बदलणें होय.

आतां लक्षणें पाहूं. रायफल रिकामी आहे अशी नळींत व मॅगझिनींत पाहून दोनदां खात्री करावी. दांडी पुरती खालीं बसत नसेल, तर कारागिराकडून दस्ता उतरवून बोल्ट पुन्हां मिटून पाहावा. तो सहज मिटला तर दोष लांकडाचा. मग दांडीच्या बुडास दिव्याची काजळी लावून दस्ता चढवावा व बोल्ट मिटावा. जेथें काळा डाग उठेल, तेवढेंच लांकूड कोरावें. दस्ता नसतांनाही दांडी अडली, तर लोखंडावर डाग कोठें उठतो तें पाहावें.

दांडी मिटते, पण झाडलेल्या काडतुसाची टोपी कोठींतून सुटत नाहीं, हा दोष निराळा. दांडी उचलतांना तिचें बूड बोल्टाच्या घराच्या उतारावर घासून बोल्टास मागें रेटतें, व त्या रेट्यानें चिकटलेली टोपी सुटते. नवी दांडी किंचित मागें जोडली गेली, तर मध्यें फट पडून हा रेटा मिळत नाहीं. येथें कानस लावल्यास फट वाढतेच. दांडी पुन्हां जोडून घेणें हाच उपाय.

तिसरा दोष सर्वांत धोक्याचा, व तो हातास कळतही नाहीं. बोल्ट अडकविणाऱ्या खुंट्या ज्या त्या रायफलीस जुळविलेल्या असतात. म्हणूनच बोल्टावर तिचा क्रमांक कोरतात. ली-एन्फील्डच्या क्र. ४ रायफलीसाठीं बोल्टाच्या टोकाचीं ० ते ३ अशीं चार मापें केलेलीं होतीं, यावरून अंतर किती काटेकोर लागतें तें दिसेल. परका बोल्ट सहज मिटला तरी काडतुसामागें अंतर अधिक राहिल्यास टोपी फाटून तप्त वायु नेमबाजाच्या तोंडावर येतो. म्हणून मापाच्या गेजांनीं तपासल्यावांचून बदललेल्या बोल्टावर गोळी झाडूं नये. घरीं खरें काडतूस घालून तर मुळींच पाहूं नये.

दांडी वांकविण्यासाठीं बोल्ट लोहाराच्या भट्टींत घालणें हाही तसाच घात होय. लाल तापलेल्या खुंट्यांचें पाणी उतरतें, आणि वरून कांहींच दिसत नाहीं.

शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणें बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिरानेंच करावयाची असते. तेव्हां मालकाचें काम एवढेंच, कीं लक्षण नीट ओळखून, दांडी कोठें व केव्हां अडते तें कारागिरास नेमकें सांगावें. नांगराचा फाळ चुकीचा बसला तर एक तास वांकडें जाईल. येथें डोळा जाईल. एवढें ध्यानांत ठेवून वाचकांनीं कानस पेटींतच राहूं द्यावी, अशी आमची विनंती आहे.