दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनची नवशिक्यासाठी पूर्वतयारी : अलिबाग किनारपट्टीच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा : पोहणे, सायकल चालविणे व धावणे या तीन क्रीडाप्रकारांचा सलग मेळ म्हणजे ट्रायथलॉन होय. मध्यमवयीन नोकरदार वर्गात या क्रीडाप्रकाराविषयी अलीकडे आकर्षण वाढले आहे. प्रस्तुत लेखात अलिबाग परिसरातील नवशिक्या व्यक्तीने दीर्घ पल्ल्याची तयारी कशी करावी, याचा विचार केला आहे. या तयारीचे वेळापत्रक स्पर्धेच्या तारखेवरून नव्हे, तर समुद्र, ऋतू व शरीर यांच्या गतीवरून ठरले पाहिजे, असे प्रतिपादन येथे करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : ट्रायथलॉन, सहनशक्ती, भरती-ओहोटी, क्रमवृद्धी, अलिबाग.

१. प्रस्तावना

ट्रायथलॉन या नावाने ओळखली जाणारी आधुनिक स्पर्धा १९७४ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे सुरू झाली. तिला दीर्घ पल्ल्याचे रूप १९७८ साली हवाई बेटांतील ओआहू येथे लाभले. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी तेथील सागरी जलतरण, सायकल फेरी व होनोलुलू मॅरेथॉन या तीन स्वतंत्र उपक्रमांची अंतरे एकत्र जोडली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल व ४२.२ किलोमीटर धावणे असे हे स्वरूप पुढे 'आयर्नमॅन' या नावाने जगभर प्रसिद्ध झाले. पहिल्या स्पर्धेत १५ जणांनी भाग घेतला व १२ जणांनी ती पूर्ण केली. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये याच क्रीडाप्रकाराच्या लघु स्वरूपाचा समावेश झाला. त्यात १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धावणे ही अंतरे असतात.

मराठी वाचकांस हा विषय विशेष परिचित झाला तो २०१५ मध्ये. त्या वर्षी मिलिंद सोमण यांनी वयाच्या ४९ व्या वर्षी झुरिक येथील पूर्ण अंतराची स्पर्धा पूर्ण केली. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यातील मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची स्पर्धा झाली. तिच्यात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल व २१.१ किलोमीटर धावणे, म्हणजे एकूण ११३ किलोमीटर अंतर होते. महामारीच्या खंडानंतर २०२२ मध्ये ती पुन्हा भरविण्यात आली. कोकणातील नवशिक्यास हे ध्येय भौगोलिक दृष्ट्या जवळचे वाटणे स्वाभाविक आहे. ते पेलण्याची रीत मात्र पुरेशी स्पष्ट झालेली नाही.

२. धोक्याचे खरे स्थान

सर्वसामान्य समजूत अशी की, या स्पर्धेत सर्वांत कठीण व धोकादायक टप्पा अखेरच्या धावण्याचा असावा. उपलब्ध संशोधन याच्या नेमके उलट चित्र दाखविते. अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉनमधील मृत्यू व आकस्मिक हृदयक्रिया बंद पडण्याच्या १३५ घटनांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९० घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. बाधितांपैकी सुमारे ८५ टक्के पुरुष होते व त्यांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते. एकूण सहभागींच्या तुलनेत हे प्रमाण अल्प, म्हणजे लाखात दोनहून कमी आहे. तरीही ज्या वयोगटातील व्यक्ती या छंदाकडे वळतात, त्याच वयोगटावर हा धोका केंद्रित झालेला आहे, ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

भारतीय संदर्भात यात आणखी एक भर पडते. ५२ देशांतील रुग्णांच्या माहितीवर आधारलेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की, दक्षिण आशियातील व्यक्तींना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. अन्यत्र हे वय सुमारे ५९ आहे. म्हणून पस्तिशी ओलांडलेल्या नवशिक्याची पहिली पायरी सायकल खरेदी ही नसून वैद्यकीय तपासणी ही होय. रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी, हृदयालेख आणि डॉक्टरांनी सुचविल्यास श्रमचाचणी एवढ्या गोष्टी सरावापूर्वी झाल्या पाहिजेत. सरावात छातीत दडपण, अकारण धाप किंवा भोवळ जाणवल्यास तेथेच थांबून वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक ठरते.

३. किनारा, भरती आणि तिथी

अलिबागच्या रहिवाशास समुद्र जन्मापासून परिचित असतो; परंतु परिचय म्हणजे प्रावीण्य नव्हे. तलावात २५ मीटरच्या ७६ फेऱ्या मारल्या की १.९ किलोमीटर पूर्ण होतात. तलावात प्रत्येक फेरीअखेर भिंतीचा आधार असतो, तळ दिसतो व पाणी स्थिर असते. समुद्रात यांपैकी काहीच नसते. दिशा राखण्यासाठी ठरावीक हातांनंतर डोके वर उचलून खूण पाहावी लागते, लाटेच्या विरुद्ध बाजूस श्वास घेता आला पाहिजे आणि गोंधळलेल्या क्षणी उताणे होऊन तरंगण्याची सवय हवी.

याच परिसराला दीर्घ सागरी जलतरणाची जुनी परंपरा आहे. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३५ किलोमीटरचे अंतर अनेक जलतरणपटूंनी पार केले आहे. हे साहस सोबतच्या नौकेवाचून व भरती-ओहोटीचे गणित मांडल्यावाचून कोणी करीत नाही. नवशिक्याने या परंपरेकडून शिकावयाचे ते हेच.

हे गणित कोळी बांधवांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ अदमासे मिळते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, दशमीस साडेसात वाजता व एकादशीस सव्वाआठ वाजता भरती पूर्ण होते. दोन भरतींमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असल्याने हीच वेळ सकाळी व सायंकाळी दोन्ही वेळा लागू पडते. अचूक वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची वार्षिक कोष्टके पाहावीत.

पहाटेनंतर सराव करणाऱ्यास या गणितातून एक महत्त्वाचा लाभ होतो. अष्टमी ते एकादशी या दिवसांत भरती सकाळी सहा ते सव्वाआठच्या दरम्यान पूर्ण होते. चंद्र व सूर्य यांची आकर्षणे या सुमारास परस्परांशी काटकोनात असल्याने हेच दिवस भांगाच्या भरतीचेही असतात. पाण्याची चढउतार कमी, म्हणून प्रवाहही तुलनेने मंद असतो. सोयीची वेळ व सौम्य पाणी यांचा असा मेळ प्रत्येक पंधरवड्यात एकदा जुळून येतो. पोहणे भरती पूर्ण होण्यापूर्वीच्या अर्ध्या-पाऊण तासात उरकावे. ओहोटी लागली की पाणी खोल समुद्राकडे ओढ घेऊ लागते.

याउलट पौर्णिमा व अमावास्या यांनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात. दुपारी मोठी भरती येते, पण सकाळी सहा-सातच्या सुमारास पाणी दूरवर ओसरलेले असते. वरसोली, नागाव, किहीम येथे अशा वेळी ओल्या, घट्ट वाळूची रुंद पट्टी उघडी पडते. हे दिवस पोहण्याचे नव्हेत, धावण्याचे. मात्र वाळूचा उतार एकाच बाजूस असल्याने जाण्या-येण्याचे अंतर सारखे ठेवावे. अन्यथा एकाच पायावर ताण पडून घोटा व टाचेच्या शिरेला इजा होते.

काही पथ्ये निरपवाद आहेत. समुद्रात एकट्याने पोहू नये. भडक रंगाची टोपी व कमरेला बांधलेला तरंगता फुगा वापरावा. किनाऱ्यास समांतर व उभे राहता येईल अशा खोलीच्या जवळून पोहावे. कुलाबा किल्ल्याभोवतीचे खडक, साखर-आक्षीच्या खाडीचे मुख, रेवदंड्याजवळ कुंडलिका नदी समुद्रास मिळते ती जागा आणि मांडव्याजवळील बोटींचा मार्ग टाळावा. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्यास समांतर पोहत प्रथम प्रवाहाबाहेर पडावे.

४. ऋतूचे बंधन

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला सागरपूजा करून मग समुद्रात उतरण्याची कोळी समाजाची प्रथा आहे. मे महिन्याच्या मध्यापासून समुद्र खवळू लागतो. नवशिक्यासाठी तो सप्टेंबरअखेर बंदच समजला पाहिजे.

गोव्यातील स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते. म्हणजे स्पर्धेपूर्वीचे नेमके चार महिने समुद्रातील सराव अशक्य असतो. स्पर्धेची नोंदणी जूनमध्ये करून तीन-चार महिन्यांत तयारी करणारा नवशिका खुल्या पाण्याचा पुरेसा अनुभव न घेताच पाण्यात उतरतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे धोका पाण्यातच एकवटलेला आहे. समुद्राची ओळख आदल्या नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांतच व्हावयास हवी. या काळात सुमारे बारा पंधरवडे येतात. प्रत्येकी चार अनुकूल सकाळी धरल्यास ४८ सकाळी मिळतात. नोकरी, परीक्षांची कामे व आजारपण वजा जाता त्यांतील निम्म्या हाती लागल्या तरी पाया भक्कम होतो. पावसाळ्यात तलावातील पोहणे, घरातील स्थिर सायकल, पोट-पाठीचे व्यायाम व भिजत धावणे ही साधने उरतात.

५. शरीराची क्रमवृद्धी

शरीरातील सर्व घटक एकाच वेगाने बळावत नाहीत. रक्तातील द्रवाचे प्रमाण काही दिवसांत वाढते. हृदय व स्नायूंची कार्यक्षमता काही आठवड्यांत सुधारते. स्नायुबंध व हाडे यांना मात्र अनेक महिने लागतात. नवशिक्याची फसगत येथेच होते. दोन महिन्यांनंतर दम टिकू लागतो, उत्साह वाढतो व अंतर एकदम वाढविले जाते. परंतु नडगीचे हाड त्या भारास तयार नसते.

आठवड्यास दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, हा नियम बहुश्रुत आहे. तथापि नेदरलँड्समधील नवशिक्या धावपटूंवरील २००८ च्या प्रयोगात हा नियम पाळणाऱ्या व न पाळणाऱ्या गटांतील दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखेच, सुमारे २० टक्के आढळले. केवळ आकड्याने संरक्षण मिळत नाही, असा याचा अर्थ. तीन आठवडे वाढ व चौथा आठवडा हलका, वेदना असताना माघार आणि पुरेशी झोप ही सूत्रे अधिक उपयुक्त होत. सरावाचा बराचसा भाग, सुमारे चार-पंचमांश, सहज बोलता येईल इतक्या संथ गतीने व्हावा. आरंभी आठवड्यास पाच-सहा तास व पुढे आठ-दहा तास एवढा वेळ अर्ध्या अंतरासाठी बहुधा पुरतो.

अर्ध्या अंतरास साधारणतः साडेआठ तासांची मुदत असते. पोहण्यास एक तास, ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकलीस तीन तास छत्तीस मिनिटे आणि ताशी ८ किलोमीटर वेगाने धावण्यास सुमारे दोन तास चाळीस मिनिटे लागतात. ही बेरीज सव्वासात तासांच्या आसपास येते. म्हणजे ध्येय वेगाचे नसून सातत्याचे आहे.

सायकलीसाठी अलिबाग-रेवदंडा-मुरूड हा किनाऱ्यालगतचा मार्ग उपयुक्त आहे. मुरूड सुमारे ५० किलोमीटरवर असल्याने जाऊन-येऊन स्पर्धेचे अंतर पुरे होते. चढाच्या सरावासाठी कार्लेखिंड जवळ आहे. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या वाहनांची गर्दी असते, म्हणून पहाट किंवा कामाचे दिवस निवडावेत. लांब सायकलीनंतर लगेच दहा-पंधरा मिनिटे धावण्याची सवय ठेवावी. जड झालेले पाय हा अनुभव स्पर्धेच्या दिवशी नवा वाटता कामा नये.

६. उष्मा, पाणी व आहार

दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्याची क्रिया मंदावते. उष्म्याशी जुळवून घेण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. पाणी कमी पिणे जसे घातक, तसेच अतिरिक्त पिणेही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीखाली गेलेले आढळले. तहानेनुसार पिणे व त्यात मीठ-साखरेचा अंश असणे इष्ट. कोकम सरबत, मिठाची पेज, केळे, चिक्की हे घरचे पदार्थ यासाठी पुरेसे आहेत. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पचविण्याची सवय सरावातच लावावी. स्पर्धेच्या दिवशी नवीन काही खाऊ नये.

७. निष्कर्ष

१. दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनमधील प्राणघातक धोका प्रामुख्याने पाण्यात आहे. म्हणून नवशिक्याने सर्वाधिक अवधी सागरी जलतरणास द्यावा.

२. अलिबाग परिसरात अष्टमी ते एकादशी या सकाळी पोहण्यास, तर पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या सकाळी वाळूवर धावण्यास अनुकूल असतात.

३. पावसाळी बंदीमुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्पर्धेची तयारी आदल्या नोव्हेंबरपासूनच सुरू होणे अपरिहार्य आहे.

४. वैद्यकीय तपासणी, संथ क्रमवृद्धी व परिचित आहार ही तयारीची त्रिसूत्री होय.

किनाऱ्यावरील महाविद्यालयांतून तरणतलावाची सोय सर्वत्र नसली, तरी भरती-ओहोटीचे ज्ञान, प्रथमोपचार व सोबतीने पोहण्याची शिस्त विद्यार्थ्यांना शिकविणे शक्य आहे. स्पर्धेत उतरणारे थोडेच असतील. पाण्यात उतरणारे मात्र पुष्कळ असतात. या ज्ञानाचा उपयोग त्या सर्वांना होईल.