पोटॅशियम 2, 8, 8, 1 का? 2, 8, 9 का नाही?

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांत 'पोटॅश' हा शब्द रोजचा. पोटॅश कमी पडलं तर घड नीट भरत नाही, हे तिथल्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं केळं घ्या किंवा दुसरं कुठलं, 100 ग्रॅम गरात साधारण 350 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं.

आता गंमत बघा. हेच पोटॅशियम शुद्ध धातूच्या रूपात पाण्यात टाकलं, तर जांभळट ज्वाळेनं पेट घेतं. मग केळं खाताना तोंडात जाळ का होत नाही? कारण केळ्यातल्या पोटॅशियमनं आपला एक इलेक्ट्रॉन आधीच गमावलेला असतो. सगळा तापटपणा त्या एकाचाच.

तो इतका सैल का? शाळेत पोटॅशियमचे 19 इलेक्ट्रॉन 2, 8, 8, 1 असे मांडायला शिकवतात. पण तिसऱ्या, म्हणजे 'एम' कवचात 18 मावतात, हेही तिथंच शिकवतात! मग जागा रिकामी असताना एकोणिसावा चौथ्या कवचात का गेला? 'बाहेरच्या कवचात आठापेक्षा जास्त नसतात' हे याचं उत्तर नव्हे, तो प्रश्नच उलटा करून सांगितलेला आहे.

खरं उत्तर कवचाच्या आत आहे. कवच म्हणजे एक सलग खोली नाही. त्यात ऑर्बिटल असतात, आणि एका ऑर्बिटलमध्ये जास्तीत जास्त 2 इलेक्ट्रॉन. तिसऱ्या कवचात एस प्रकारचं 1, पी प्रकारची 3 आणि डी प्रकारची 5 ऑर्बिटल, म्हणून 2 + 6 + 10 = 18. पहिल्या 18 इलेक्ट्रॉनांनी 3पी पर्यंतच्या जागा भरल्या की एकोणिसाव्यापुढे दोन पर्याय उरतात: 3डी किंवा 4एस.

इलेक्ट्रॉनला कमी ऊर्जेची जागा हवी असते. 3डी मधला इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ फारसा फिरकत नाही. मधले 18 इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ त्याच्यापासून झाकून टाकतात. 4एस चा ढग मोठा असला तरी त्याचा थोडा भाग थेट केंद्रकापर्यंत शिरतो. तिथं ओढ जबर, म्हणून पोटॅशियममध्ये 4एस ची ऊर्जा कमी पडते. एकोणिसावा तिथं जातो. मात्र बहुतेक वेळ तो बाहेरच असतो, म्हणून सहज सुटतोही.

हा क्रम लक्षात ठेवायला एक नियम आहे: कवचाच्या क्रमांकात एस साठी 0, पी साठी 1, डी साठी 2, एफ साठी 3 मिळवा, बेरीज कमी ती जागा आधी भरते. बेरीज सारखी आली तर लहान क्रमांकाचं कवच आधी. 4एस ची बेरीज 4, 3डी ची 5. नियम उपयोगी आहे, पण कायदा नव्हे. क्रोमियम आणि तांबं तो मोडतात. जळगाव ज्यासाठी केळ्यांइतकंच प्रसिद्ध आहे, ते सोनंही मोडतं.

सोन्यात 79 इलेक्ट्रॉन. नियमानं शेवटी 5डी मध्ये 9 आणि 6एस मध्ये 2 हवेत. प्रत्यक्षात 10 आणि 1 असतात. चांदीतही अशीच मांडणी, फक्त एक कवच अलीकडे. मग सराफाच्या काचेत एक पिवळं आणि एक पांढरं का? सोन्याचं केंद्रक इतकं भारी, की सगळ्यात आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त होतो. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा परिणाम इथं जाणवतो: एस ऑर्बिटल आक्रसतात, 5डी किंचित सैलावतात आणि दोघांमधलं ऊर्जेचं अंतर घटतं. तेवढी ऊर्जा निळ्या प्रकाशात असते. सोनं निळा शोषतं, उरलेला पिवळा परत पाठवतं. चांदीत हे अंतर मोठं, त्याला अतिनील प्रकाश लागतो, म्हणून दिसणारे सगळे रंग ती जवळपास तसेच परतवते.